खेकड्याचं भोक

नागपूरला डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं
तेव्हा हे हसले होते, खाटेवर, थोडेसे.
"कर्क म्हंजे खेकडाच ना जी?
मंग मले माईत हाय त्याचं."

चोवीस वर्षं मालगुजारी तलावाच्या पाळीवर
यांनी खेकड्यांची भोकं बुजवली.
पगार विचारू नका.
पण यांच्या काळात पाळ फुटली ती एकदाच,
आणि तेव्हा हे माझ्या भावाच्या लग्नात होते.

यकृताचा एक तुकडा कापून काढला.
उजव्या बरगडीखाली आडवी शिवण.
झनकलाल शिंप्याने सदरा वर करून पाहिली,
म्हणाला, बाईचा हात चांगला आहे.

मग रोज कोणी ना कोणी ओसरीवर.
"बकाराम गा, निघालं ना सारं?"
निघालं.
"मंग आता गोळी काहून?"
मला उत्तर सुचायचं नाही.
हे पाय हलवत बसायचे, मग सांगायचे,
"बुजवलं तिथून नाई फुटत पाळ.
तिथली माती नवी, धुम्मस केलेली.
फुटते तं बाजूले.
एक भोक दिसलं का समजाचं,
आतून माती पोकळ झाली हाय."

लोकांना वाटतं, प्यायचे.
कधीच नाही.
जुनी कावीळ होती, रक्तात मुरून बसलेली,
कुठल्या सुईची, कुठल्या वस्तऱ्याची,
की आईच्या पोटातूनच आणलेली, कोण सांगणार.
तरी मंडईच्या रात्री चुलत दिराने
मोहाची बाटली पुढे केली: आता तर बरा झालास.
यांनी बूच काढून वास घेतला, बाटली परत दिली.
"फुलं चांगली होती गा यंदाची."

भुईमुगाच्या शेंगा मी आता उन्हात बसून
एकेक फोडते. काळपट दाणा, बुरशीचा दाणा
बकरीलाही नाही.
सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या,
अन्न फेकते, माजली.
असू दे.

तीन महिन्यांनी एकदा नागपूर.
भातगिरणीच्या कॅलेंडरवर तारखेला गोल,
साकोलीहून पहाटेची गाडी, रक्त, मग सोनोग्राफी.
पोटावर थंड जेली लावून
यंत्राची मूठ सावकाश फिरवतात.
हे छताकडे बघतात. मी पडद्याकडे.
मला काही कळत नाही त्यातलं,
रात्रीच्या तलावासारखं करडं हलत असतं.
मग मी त्या तपासणाऱ्या पोरीच्या भुवया बघते.

दुसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, घरच्या सगळ्यांचं रक्त आणा.
माझं कोरं निघालं. लेकीचं कोरं.
आम्हा दोघींना तीन-तीन सुया टोचल्या.
निळकंठचं कोरं नव्हतं.

पंचवीसचा आहे.
यंदा त्याच्यासाठी मुलगी बघणार होतो.

त्या दिवशी गाडीत हे बोललेच नाहीत.
भंडारा गेलं. लाखनी आली.
लाखनीच्या थांब्यावर कोणी पेरू विकायला चढलं, उतरलं.
तेव्हा म्हणाले,
"बाजूले."
एवढंच.

निळकंठला अजून काही नाही.
गोळीसुद्धा नको म्हणाल्या सध्या,
पण दर सहा महिन्यांनी यायचं, चुकवायचं नाही.
आणि मुलगी बघायला जाल तेव्हा आधी सांगा.
सांगू.
नाही म्हणतील ते म्हणोत.
हो म्हणतील त्यांच्या मुलीला सुया आधी,
हळद मग.

यांची गोळी उपाशी पोटी, पहाटे.
गोळीनंतर दोन तास चहासुद्धा नाही.
हे दोन तास घरात बसवत नाहीत,
म्हणून पाळीवर जातात. आता दोघं जातात.
टॉर्च एक, काठ्या दोन.
बाप दाखवतो दवाने ओली माती कुठली
आणि आतून घामेजलेली कुठली.
पोरगा उकिडवा बसून भोकात बोट घालतो.
परवा एक बारकं खेकडं खिशात घालून आणलं
आणि बहिणीच्या अंगावर सोडलं, गाढव.

मी चूल पेटवत नाही तोवर.
घड्याळ बघते.
सव्वासातला चहा.